पोरीला सकाळी खाणंच जात नाही, काय करू?

प्रश्न : ताई, मी घोडबंदर रोडला वाघबीळला राहते. मुलगी सहावीत आहे, ११ पूर्ण. शाळा ७ची, बस ६.२५ला खाली येते. सकाळी ती काहीच खात नाही. चॉकलेट पावडर आणि चमचाभर साखर घालून ग्लासभर दूध कसंबसं पिते आणि तीन-चार बिस्किटं. जास्त आग्रह केला तर बसमध्ये उलटी होते. डब्याची सुट्टी १०ला, डबाही अर्धा परत येतो. बाई म्हणाल्या दुसऱ्या-तिसऱ्या तासाला डोकं धरून बसते, पेंगते. सासूबाई म्हणतात आमची पोरं चहा-चपातीवर शिकली. मिस्टर लोअर परळहून साडेनऊला घरी येतात, मग सगळे एकत्र जेवतो. रोज सकाळी माझी चिडचिड आणि तिचं रडणं. मेडिकलमधून भुकेचं टॉनिक आणू का? आणि नाश्ता नसेल तर मार्क कमी होतात हे खरं का? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, स्पष्ट सांगा. (एक आई, ठाणे)

उत्तर : अगं, स्पष्टच सांगते. उद्यापासून सकाळची जबरदस्ती बंद कर. एकदम बंद, "दोन घास तरी खा ना" हेसुद्धा नको. तिला उलटी होतेय म्हणजे ती नखरे करत नाहीये, तिचं पोट खरंच तयार नसतं त्या वेळी आणि का नसतं ते तूच पत्रात लिहून दिलंयस, फक्त ते वेगळ्याच ओळीत आलंय म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. मिस्टर साडेनऊला येतात, मग सगळे एकत्र जेवता. म्हणजे पान वाढेपर्यंत पावणेदहा-दहा, आवरून झोपेपर्यंत ११, आणि बस ६.२५ला म्हणजे पोरगी साडेपाचला उठत असणार. साडेसहा तास झोप! ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, हे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. त्यात झोपेतून उठल्या उठल्या भूक तशीही कमीच असते, मोठ्यांनाही. अर्धवट झोपेतून उठवलेल्या, रात्री दहाला जेवलेल्या मुलीला सहा वाजता तू पोहे दाखवलेस तर तिला मळमळणारच.

तुमच्या घरातला सकाळचा नाश्ता सकाळी बिघडत नाहीये, आदल्या रात्री बिघडतोय. म्हणून सकाळी कितीही नवीन पदार्थ करून बघितलेस, यूट्यूब बघून पॅनकेक केलेस तरी फरक पडणार नाही, रात्र बदलावी लागेल.

आता मला माहितीये की हे लिहायला सोपं आहे. ठाण्यात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला साडेनऊच्या आत घरी ये म्हणणं म्हणजे नोकरी सोड म्हणण्यासारखंच, लोकल पकडून ठाणे स्टेशनला उतरायचं आणि तिथून वाघबीळपर्यंत बस नाहीतर रिक्षा, त्यात घोडबंदरचं ट्रॅफिक. आणि एकत्र जेवणं हे तुमच्या घराचं सुख आहे ते मी मोडायला सांगणार नाही. पण पोरीचं जेवण पावणेआठला उरकून घे. साधं पूर्ण जेवण, वरण-भात, भाजी-पोळी, जे तुमच्यासाठी होणारच आहे ते. सासूबाई बहुतेक तेव्हाच जेवत असतील किंवा त्यांनाही लवकर चालेल, म्हणजे तिला सोबत होईल. बाबा आले की ती त्यांच्याजवळ बसू दे, गप्पा मारू दे, अगदीच वाटलं तर त्यांच्या ताटातला एक घास खाऊ दे, आणि दहाच्या आत झोपायला. तरी साडेसात तास होतात, पुरेसे नाहीतच, पण आत्तापेक्षा तासभर जास्त. जमलं तर बाबांना सांग की आठवड्यात दोन दिवस त्यांनी आल्यावर नुसतं तिला गुड नाईट म्हणावं आणि ती साडेनऊला झोपलेली असावी. आणि शनिवार-रविवारी काय हवं ते एकत्र खा, रविवारी मामलेदारला मिसळ खायला गेलात तरी माझी काही हरकत नाही, आमच्या ठाण्याच्या पोरांना ती मिळायलाच हवी.

याने काय होतं बघ. पावणेआठला जेवलेली, जरा जास्त झोपलेली मुलगी सकाळी सहाला थोडी तरी भुकेली असते. पहिल्या दिवशी नाही, आठ-दहा दिवस जाऊ दे. शरीराचं घड्याळ हळूहळू सरकतं.

तुला माहीत असेलच, फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे, कारण हेच, मुलांची झोप होत नाही. पण तुझी लेक सहावीत, तिला तो फायदा नाही. मला हे फार लागतं, कारण दहा-अकरा वर्षांच्या वयातच मुली भराभर वाढतात, पाळी सुरू व्हायची वेळ जवळ येते, आणि नेमकं तेव्हाच आपण त्यांना काळोखात उठवून उपाशी बसमध्ये बसवतो. पालकसभेत हा विषय काढा ना चार-पाच आयांनी मिळून. वेळ बदलणार नाही कदाचित, पण डब्याची सुट्टी १०च्या ऐवजी ९ला करायला शाळेला पैसा लागत नाही. एकट्या आईचं कोणी ऐकत नाही, दहा जणींच्या सह्या असल्या की ऐकतात.

बरं आता सकाळचं. मी म्हणते नाश्ता दोन भागांत कर. सहाला अगदी छोटासा, आणि खरा नाश्ता डब्यात. तू आत्ता उलटं करतेयस, सगळा जोर सहाच्या दुधावर आणि डबा म्हणजे जेवणाच्या आधीचा टाइमपास. पण तिच्या दिवसात दहाचा डबा हाच पहिला खरा घास आहे, रात्री दहानंतर थेट सकाळी दहा, १२ तास! दुसऱ्या तासाला डोकं धरेल नाहीतर काय करेल पोरगी.

सहाला काय द्यायचं, तर दोन मिनिटांत खाऊन होईल आणि बसमध्ये ढवळणार नाही असं. एक वेलची केळं. किंवा एक दाण्याचा लाडू. किंवा दोन खजूर आणि चार-सहा भिजवलेले बदाम, बदाम महाग वाटत असतील तर भिजवलेले शेंगदाणे, काही फरक पडत नाही, उलट शेंगदाण्यात प्रोटीन जास्तच. किंवा अर्धी पोळी तूप-गूळ लावून गुंडाळी करून, ती बसची वाट बघताना खाली उभी राहूनसुद्धा खाईल. यातलं एकच, सगळं नाही. आणि तो ग्लासभर दुधाचा आग्रह सोड, घटाघटा प्यायलेलं गोड दूध आणि लगेच घोडबंदरचे खड्डे, याने मोठ्या माणसालाही उलटी होईल. बसमध्ये तिला पुढच्या सीटवर बसवायला सांग, खिडकीतून समोर लांब बघायचं, मोबाइल किंवा वही बघायची नाही. दूध शाळेतून आल्यावर दे, संध्याकाळी दे, दह्या-ताकातून दे, दूध सकाळीच पोटात गेलं पाहिजे असं काही नाहीये.

त्या चॉकलेट पावडरीबद्दल बोलायलाच हवं. डबा हातात घे आणि मागची बारीक अक्षरं वाच, "अॅडेड शुगर" कुठे लिहिलंय बघ. बऱ्याच पावडरींमध्ये १०० ग्रॅमला ३० ग्रॅमच्या वर साखर असते. दोन मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅम पावडर धर, त्यात ६-७ ग्रॅम साखर गेली, वरून तू चमचाभर घालतेस ती ४-५ ग्रॅम, आणि बिस्किटांतली ५ एक ग्रॅम. म्हणजे साडेसहाच्या आत १५-१७ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर उत्तम, तुझ्या लेकीच्या वयाला हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त कोटा ती डोळे चोळतानाच संपवतेय. नुसत्या साखर-मैद्यावर पोट धरत नाही, तासा-दीड तासात परत रिकामं वाटतं. एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की अशा पावडरी "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली ठेवू नका, कारण आपल्या अन्न कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाहीये. एकदम बंद केलंस तर ती दूधच सोडेल, म्हणून आधी वरची साखर काढ, मग पावडर दोनाची एक, मग अर्धी. महिना-दीड महिना लागू दे.

डब्यात जीव ओत. हे मी मनापासून सांगतेय. ११ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२०चा आकडा आहे, आणि ते दिवसाच्या शेवटी एकदम भरून निघत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७ ग्रॅम, मुगाच्या दोन धिरड्यांत ८-९ ग्रॅम सहज. बिस्किटांत एक-दीड. मग दहाच्या डब्यात १० ग्रॅम तरी जावं असं बघ, तेवढं एक डोक्यात ठेवलंस की पदार्थ तुझे तुलाच सुचतील.

पण डबा अर्धा का परत येतो ते आधी शोध. माझ्याकडे येणाऱ्या आया म्हणतात "खातच नाही" आणि मुलीला बाजूला घेऊन विचारलं की वेगळंच निघतं. कोणाला सुट्टीच पंधरा मिनिटांची, त्यात हात धुवायला रांग. कोणाचा उपमा दहा वाजेपर्यंत घट्ट गोळा झालेला, डोसा चामड्यासारखा. कोणाला मैत्रिणी म्हणाल्या "ईई मेथीचा वास येतोय" तेव्हापासून झाकण उघडायचीच लाज वाटते. आणि एक गोष्ट जी मुली आईलाही सांगत नाहीत, शाळेचं टॉयलेट घाण असतं म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, आणि सकाळी घरी घाईत पोट साफ होत नाही म्हणून खायचीच भीती वाटते, मध्येच लागली तर काय. पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतंच. तिची बाटली घरी येते तेव्हा किती भरलेली असते ते बघ, न बोलता. रात्र लवकर झाली की सकाळी दहा मिनिटं टॉयलेटलाही मिळतील. आणि अजून एक, हळूच विचार की कोणी तिला जाडी-बिडी म्हणालं का. या वयात मुली त्यावरून खाणं सोडतात आणि आपल्याला वाटतं भूक नाही.

डब्यात हाताने पटकन खाता येईल आणि गार झाल्यावरही मऊ राहील असं दे. थालीपीठ लहान लहान, बिस्किटाएवढी, सोबत दह्याची छोटी डबी नाहीतर लोणी. मुगाचं धिरडं गुंडाळी करून, आत किसलेलं पनीर. पोळीचा रोल, आत मटकीची कोरडी उसळ किंवा अंड्याची भुर्जी, पण अंडं डब्यात चालतं का ते शाळेत विचारून घे, काही ठिकाणी चालत नाही. छोट्या इडल्या, दाण्याची चटणी आणि तूप लावून. कांदेपोहे देणार असशील तर दाणे हात सैल सोडून घाल, मटार नाहीतर मोडाची मटकी घाल, नुसत्या पोह्यात प्रोटीन फार नसतं, आणि लिंबाची फोड वेगळी दे, खाताना पिळायची. ते लिंबू चवीपुरतं नाहीये, डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणजे आपल्या आज्या पोह्यांवर लिंबू पिळत होत्या ते किती योग्य होतं. आठवड्यातून दोनदा नाचणी येऊ दे, घावन कर, आंबोळी कर, थालीपिठाच्या भाजणीत घाल. इतकं कॅल्शियम रोजच्या दुसऱ्या कुठल्या धान्यात नाही, १०० ग्रॅमला ३००च्या वर मिलिग्रॅम.

हे सगळं तू पहाटे पाचला उठून करायचं असं मी म्हणत नाहीये, तूही माणूस आहेस. मूग रात्री भिजव, मटकीला मोड रविवारी आण, भाजणी दळून ठेव, आणि मिस्टरांना सांग की केळी नि खजूर येताना स्टेशनबाहेरून आणायची जबाबदारी त्यांची. लेकीला रविवारी बसवून आठवड्याचा डबा तिलाच ठरवू दे, तू तीन पर्याय दे, त्यातला एक तिने निवडायचा. स्वतः निवडलेला डबा मुलं संपवतात, हे मी खूप घरांत बघितलंय.

सासूबाईंशी भांडू नकोस, त्या निम्म्या बरोबर आहेत. चपाती बिस्किटापेक्षा कधीही चांगली, तूप लावलेली शिळी पोळी तर उत्तमच. फक्त चहा नको, चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि वाढत्या मुलीला लोहाचीच गरज जास्त, या वयात मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम सांगितलंय, त्याच वयाच्या मुलाला १६. हे त्यांना आकड्यांत सांगितलंस तर पटेल. आणि त्यांना दाण्याचे लाडू करायला सांग, मेतकूट करायला सांग, मऊभात-मेतकूट-तूप सुट्टीच्या दिवशी सकाळी किती मस्त लागतं. नातीच्या तब्येतीत त्यांचा हात लागला की त्याच तिला पावणेआठला जेवायला बोलावतील, तुला ओरडायला लागणार नाही.

मार्कांचं विचारलंस. नाश्ता करणाऱ्या मुलांचे मार्क चांगले असतात असं बऱ्याच पाहण्यांत दिसतं, पण ज्या घरात सकाळी निवांत नाश्ता होतो त्या घरात झोपही पूर्ण असते, पैशाची ओढाताणही कमी असते, मग श्रेय एकट्या नाश्त्याला कसं देणार. जी मुलं खरोखर उपाशी येतात त्यांच्यात मात्र फरक स्वच्छ दिसतो, शाळेत येणंसुद्धा वाढतं. म्हणूनच तामिळनाडूने सप्टेंबर २०२२पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला, आणि २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या साध्या पौष्टिक नाश्त्याची शिफारस आहे. तेव्हा "खा नाहीतर नापास होशील" असं तिला कृपा करून म्हणू नकोस. डोकं दुखू नये, वर्गात बरं वाटावं, खेळायला अंगात ताकद असावी, एवढ्यासाठी खायचं. मार्क हा विषय ताटापासून लांब ठेव.

टॉनिक आणू नकोस. भुकेच्या नावाने मिळणाऱ्या काही सिरपांनी झोप येते, आणि तुझी मुलगी आधीच पेंगतेय. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि सांग की डोकं दुखतं, पेंग येते, खात नाही. ते बहुतेक सीबीसी म्हणजे रक्ताची साधी तपासणी सांगतील, फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणीही करून घ्यायची का ते विचार, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. ५ ते ११ वयात हिमोग्लोबिन ११.५च्या खाली म्हणजे अॅनिमिया धरतात, १२ वर्षं पूर्ण झाली की १२च्या खाली. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते आठव, शाळांमधून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला देतात, चुकलं असेल तर डॉक्टरांना सांग. डोळेही तपासून घे, चष्मा लागलेली कितीतरी मुलं महिनोन्‌महिने फक्त "डोकं दुखतं" एवढंच सांगत असतात. आणि एक लक्षात ठेव, उलटी बसमध्येच होते की सुट्टीच्या दिवशी घरीही? सुट्टीतही सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होत असेल, किंवा वजन उतरत असेल, किंवा तहान-लघवी खूप वाढली असेल तर यातलं काहीही करून बघत थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

सोमवारपासून एकच गोष्ट सुरू कर, पावणेआठचं जेवण. डबा पुढच्या आठवड्यात, दूध-पावडर त्यानंतर, सगळं एका दिवशी बदललंस तर घरात दोन दिवसांत सगळे वैतागतील. आणि रिपोर्ट आले की आकडे मला कळव, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही. लोहाचं औषध द्यायचं का आणि किती दिवस ते डॉक्टरच ठरवतील, पण डब्यात काय वाढवायचं ते त्यावरून मी तुला नेमकं लिहीन.